केस गळतीसाठी पीआरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या शहरांत आता चौकाचौकात ‘पीआरपी’ची पाटी दिसते. जाहिरातीत डावीकडे टक्कल, उजवीकडे दाट केस आणि खाली ईएमआयची सोय. ज्यांना हा उपचार खरोखर उपयोगी पडू शकतो असे लोक आहेत, पण पैसे भरणाऱ्यांमध्ये ज्यांना त्याची गरजच नव्हती असेही बरेच निघतात. पुढची उत्तरं या दोघांसाठी आहेत.

पीआरपी म्हणजे नेमकं काय?

प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे तुमच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्सचं प्रमाण वाढवलेला पिवळसर द्रव. प्लेटलेट्सची ओळख आपल्याकडे डेंग्यूने घरोघरी करून दिली आहे. रोज संध्याकाळी ‘आज काउंट किती?’ हे विचारलं नाही असं घर सापडणं अवघड. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. पीआरपीमध्ये हे प्रमाण काही पटींनी वाढवतात. दर मायक्रोलिटरला दहा लाखांच्या आसपास हा आकडा अनेक डॉक्टर कामचलाऊ मापदंड म्हणून धरतात.

हे तंत्र केसांसाठी जन्माला आलेलं नाही. १९८७ मध्ये इटलीत हृदयाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचंच प्लेटलेटयुक्त रक्तद्रव्य वापरल्याची नोंद आहे. १९९८ च्या सुमारास जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत ते गाजलं, मग खेळाडूंच्या गुडघ्या-कोपरांत गेलं आणि त्यानंतर डोक्यावर आलं.

त्याने केस कसे वाढतात?

जखम झाली की प्लेटलेट्स तिथे जमतात. रक्त थांबवण्याबरोबरच त्या आपल्या आतल्या कणांमधून वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात. पीडीजीएफ, व्हीईजीएफ, ईजीएफ, आयजीएफ-१ ही त्यांतली काही. केसाच्या मुळाभोवती ही प्रथिनं पोचली की तिथला रक्तपुरवठा सुधारतो, मुळातल्या पेशींना विभाजनाचा इशारा मिळतो आणि केसाचा वाढीचा काळ लांबतो, अशी यामागची कल्पना आहे.

टाळूवरचा केस सतत वाढत नाही. दोन ते सहा वर्षं तो वाढतो, दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतो, सुमारे तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. मग त्याच मुळातून नवा येतो. डोक्यावर साधारण एक लाख केस धरले, तर दिवसाला ५० ते १०० गळणं हा नेहमीचाच हिशोब आहे. आनुवंशिक टक्कल पडताना मात्र दर फेरीत वाढीचा काळ आखडत जातो आणि केस बारीक होत होत लव झाल्यासारखा दिसू लागतो. पीआरपीचा प्रयत्न या आखडण्याला उलटवण्याचा असतो. म्हणजे मूळ जिवंत हवं, ही पहिली अट.

माझे केस फार गळतायत. पीआरपी करून घेऊ का?

आधी ते का गळतायत ते कळू द्या. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

समजा सप्टेंबरमध्ये डेंग्यू किंवा टायफॉईड झाला. डिसेंबरात फणीत मूठभर गुंतवळ येऊ लागतो, बाथरूमची जाळी तुंबते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हेच होतं. मोठं ऑपरेशन, झपाट्याने वजन उतरवणारं डाएट, कोविड, घरातला मोठा आघात, या सगळ्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात, कारण त्या धक्क्याने बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. कारण दूर झालं की बहुतेकांचे केस सहा महिन्यांच्या आसपास आपोआप सावरतात. याच काळात पीआरपीची चार सत्रं झाली, तर श्रेय अर्थातच पीआरपीला जातं आणि क्लिनिकला ‘आधी-नंतर’चा एक झकास फोटो मिळतो.

शरीरात लोह कमी असणं, थायरॉइड, पीसीओडी, ब१२ किंवा प्रथिनांची कमतरता हीही नेहमीची कारणं. आपल्याकडे तर पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या, वर उपासतापास करणाऱ्या बायकांमध्ये फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासल्याशिवाय केसांविषयी बोलूच नये. फेरिटिन कमी असताना टाळूत सुया टोचण्यापेक्षा लोहाच्या गोळ्या स्वस्त आणि मुद्द्याच्या.

कारण किती अनपेक्षित असू शकतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक झडू लागले, काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडलं. शाम्पूपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळ्यांवर संशय गेला. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक आलं. विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे कुणी पीआरपीचं शिबिर लावलं असतं तर काय साधलं असतं?

पीआरपीचा विचार प्रामुख्याने आनुवंशिक केस विरळ होण्यासाठी करावा. पुरुषांत कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केसांची रेषा मागे जाते, शेंडीची जागा उघडी पडते. स्त्रियांत पुढची रेषा टिकून राहते पण भांग रुंदावतो. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, लावून बघतात, तेव्हा जाड आणि बारीक केस एकमेकांत मिसळलेले दिसतात. हे निदान पाच-दहा मिनिटांचं आहे. ते न करता कुणी थेट पॅकेजवर आलं तर उठून यावं.

डोक्यावर पूर्ण तुळतुळीत टक्कल आहे. उपयोग होईल?

नाही. जिथे लवसुद्धा उरलेली नाही तिथे पीआरपी नवीन मुळं तयार करत नाही. हेअर ट्रान्सप्लांट किंवा चांगला विग हे तुमचे पर्याय. काहीच न करणं हाही एक पर्याय, आणि तो फुकट आहे.

त्वचेवर व्रण पडून मुळं नष्ट झाली असतील, उदाहरणार्थ लायकेन प्लॅनोपायलॅरिस या आजारात, तर आधी तो आजार आटोक्यात आणावा लागतो. वर्षानुवर्षं घट्ट वेणी किंवा अंबाडा घालून कानांजवळचे केस गेले असतील, तर पहिला उपचार केस सैल बांधणं हाच.

चाई पडली आहे, त्यावर चालतं का?

चाई हा वेगळा आजार. शरीराची प्रतिकारयंत्रणाच केसाच्या मुळांवर उलटते आणि रुपयाच्या नाण्याएवढे गोल, गुळगुळीत चट्टे पडतात. २०१३ मध्ये चाईच्या ४५ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात पीआरपीचा परिणाम चांगला दिसला होता. तरीही नेहमीच्या व्यवहारात छोट्या चट्ट्यांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं हाच पहिला मार्ग आहे. अनेकदा चट्टा आपोआपही भरून येतो, त्यामुळे कशाने गुण आला हे सांगणं इथे आणखी कठीण. आजार फार पसरला असेल तर बॅरिसिटिनिबसारखी औषधं आली आहेत, अमेरिकेत त्याला या आजारासाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चट्ट्यावर कांदा-लसूण चोळून त्वचा भाजून घेण्याचा मार्ग मात्र सोडून द्या.

पण खरंच उपयोग होतो का? पुरावा काय?

होतो, काहींना, मध्यम प्रमाणात. आता जरा तपशिलात.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. नऱ्हे इथल्या श्रीमती काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड या केसगळतीवरच्या नेहमीच्या औषधांनी समाधानकारक फरक न पडलेल्या ११ पुरुषांना दोन-दोन आठवड्यांनी चार वेळा पीआरपी दिलं. तीन महिन्यांनी दर चौरस सेंटिमीटरला सरासरी २२ फॉलिक्युलर युनिट्सची (एकत्र उगवणाऱ्या केसांच्या पुंजक्यांची) वाढ मोजली गेली. आकडा उत्साह वाढवणारा आहे. पण माणसं अकराच, आणि तुलनेला पीआरपी न दिलेला गट नव्हता.

२०१५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जास्त काटेकोर प्रयोग केला. त्याच माणसाच्या अर्ध्या डोक्यावर पीआरपी, अर्ध्यावर नुसतं सलाइन. महिन्याच्या अंतराने तीन वेळा. पीआरपीच्या बाजूला केस स्पष्टपणे वाढले. त्याच अभ्यासात वर्षभरानंतर काहींचे केस पुन्हा गळू लागल्याचंही नोंदवलं आहे, ही ओळ जाहिरातीत कधी येत नाही.

याउलट २०१६ मध्ये अमेरिकेत २६ स्त्रियांवर झालेल्या, रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही कुणाला काय टोचलं ते माहीत नसलेल्या चाचणीत पीआरपी आणि सलाइन यांत मोजण्याजोगा फरक आढळला नाही. तिथे पीआरपी एकदाच दिलं होतं, त्यामुळे ‘एकदा करून बघू’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा.

असे उलटसुलट निकाल का? मुख्य कारण म्हणजे पीआरपी ही ठरावीक मापाची गोळी नव्हे. तुमचं रक्त वेगळं, माझं वेगळं. कुणी रक्त एकदा फिरवतं, कुणी दोनदा. यंत्राचा वेग, वेळ, नळीचा प्रकार, शेवटी हाती आलेल्या प्लेटलेट्स, सगळंच बदलतं. दोन दवाखान्यांत एकाच नावाखाली दोन वेगळे द्रव टोचले जात असतात. अमेरिकेतसुद्धा औषधनियंत्रकांनी पीआरपी बनवायच्या किटना हाडांच्या शस्त्रक्रियेच्या संदर्भात परवानगी दिली आहे, केसांसाठीचा वापर हा डॉक्टरांच्या विवेकावर चालतो.

त्या दिवशी काय काय करतात? दुखतं का?

उपाशीपोटी जाऊ नका. नाश्ता करा, पाणी भरपूर प्या. आदल्या दिवशी केस धुवून जा, तेल-जेल काही नको.

दंडातून साधारण १० ते २० मिलिलिटर रक्त घेतात. रक्तदानात ३५० मिलिलिटर देतो, त्यापुढे हे काहीच नाही. रक्त गोठू नये म्हणून नळीत सायट्रेटचं द्रावण असतं. मग नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. डेअरीत साय वेगळी करणारं यंत्र ज्या तत्त्वावर चालतं तेच इथेही: जड ते तळाशी, हलकं ते वर. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळा प्लाझ्मा राहतो. दोनदा फिरवण्याच्या पद्धतीत हा प्लाझ्मा पुन्हा जोरात फिरवून वरचा पातळ भाग टाकून देतात आणि तळाचा तीन ते पाच मिलिलिटर घट्ट भाग वापरतात. तो लाल दिसत असेल तर त्यात लाल पेशी जास्त आल्या आहेत, विचारायला लाजू नका.

टाळू बधीर करायला क्रीम लावतात किंवा कपाळाच्या कडेने भुलीची इंजेक्शनं देतात. नंतर इन्सुलिनच्या बारीक सुईने सेंटिमीटरभर अंतरावर थेंब थेंब टोचत जातात. क्रीमवर भागवलं तर दुखतं, विशेषतः कपाळाजवळ आणि कानामागे. ‘मुंगी चावल्यासारखं’ हे वर्णन ज्याने केलं त्याने स्वतः करून घेतलेलं नसावं. सगळं मिळून तासभर लागतो आणि तुम्ही चालत घरी येता.

किती सत्रं लागतात? फरक कधी दिसतो?

महिन्याच्या अंतराने तीन किंवा चार. त्यानंतर टिकवण्यासाठी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकेक. गळणं कमी झाल्याचं आधी जाणवतं, दाटपणा दिसायला चार ते सहा महिने जातात. पहिल्या सत्राआधी एकाच जागी, एकाच उजेडात, कोरड्या केसांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून ठेवा. आरशावर आणि नातेवाइकांवर विसंबू नका. सहा महिन्यांनी त्या फोटोंत फरक दिसत नसेल तर पुढची सत्रं घेण्यात अर्थ नाही. ‘तुमच्या केसांना थोडा जास्त वेळ लागतोय’ हे वाक्य त्या टप्प्यावर ऐकू येईल, तेव्हा फोटो समोर ठेवा.

पीआरपी केलं की मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड बंद करता येईल?

बहुतेकांना हवं असतं ते हेच उत्तर, पण ते ‘नाही’ असं आहे. आनुवंशिक टक्कलामागे डीएचटी हे संप्रेरक असतं. फिनास्टेराइड ते कमी करतं, पीआरपी त्याला हातही लावत नाही. मिनॉक्सिडिलला अमेरिकेत पुरुषांच्या केसांसाठी १९८८ मध्ये, तर फिनास्टेराइडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. इतक्या वर्षांचा आणि इतक्या माणसांवरचा पुरावा पीआरपीपाशी नाही. पीआरपी या औषधांच्या जोडीला शोभतं, त्यांच्या जागी नव्हे.

औषधांनाही अटी आहेत. मिनॉक्सिडिलने सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, त्याला घाबरून लोक सोडून देतात. फिनास्टेराइडने काही पुरुषांत लैंगिक तक्रारी उद्भवतात, आणि गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ते घ्यायचं नाही. ज्यांना ही औषधं सोसत नाहीत किंवा घ्यायचीच नाहीत, त्यांच्यासाठी एकटं पीआरपी हा वापरून बघण्याजोगा मार्ग आहे, अपेक्षा थोड्या खाली ठेवून.

कोणी करून घेऊ नये?

प्लेटलेट्स कमी असलेल्यांनी किंवा त्यांच्या कार्यात दोष असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी, यकृताचा गंभीर आजार असलेल्यांनी. ताप असताना किंवा टाळूवर फोड, पू, नायटा असताना पुढे ढकला. डेंग्यूतून नुकतेच उठला असाल तर रक्त आधी सावरू द्या. गरोदरपणात टाळलेलंच बरं.

अॅस्पिरिनने प्लेटलेट्स आठ-दहा दिवस निकामी होतात, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचाही परिणाम होतो. पण हृदयासाठी चालू असलेली अॅस्पिरिन केसांपायी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर विषय संपला.

रक्त माझंच आहे, मग धोका कसला?

अॅलर्जीचा धोका नगण्य, हे खरं. दुखणं, डोकं जड होणं, एक-दोन दिवस कपाळावर आणि कधी डोळ्यांभोवती सूज, टोचल्या जागी खाज, एवढं अपेक्षित धरा.

खरा धोका सुई, नळी आणि टेबलाचा आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर ‘व्हॅम्पायर फेशियल’ नावाने पीआरपी करून घेतलेल्या किमान तीन स्त्रियांना तिथूनच एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलं. त्या स्पाकडे परवाना नव्हता, आणि एकदा वापरायच्या वस्तू तिथे पुन्हा वापरल्या जात होत्या. म्हणून नळीवर आपल्यासमोर आपलं नाव लिहून घ्या. सीलबंद सुई आपल्यासमोर फोडायला सांगा. एकाच वेळी चार रुग्णांच्या नळ्या फिरत असतील तर हे आणखी महत्त्वाचं. डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचा रोलर, वापरणार असतील तर तो नवा आणि फक्त तुमच्यासाठी.

घरी आल्यावर डोकं कधी धुवायचं? हेल्मेटचं काय?

दुसऱ्या दिवशी सौम्य शाम्पूने. तेल, केसांचा रंग आणि मिनॉक्सिडिल एक-दोन दिवस नको. त्या दिवशी जिम, पोहणं आणि दुपारचं ऊन टाळा. हेल्मेट न घालायला पीआरपी ही सबब चालत नाही, त्यामुळे त्या दिवशी रिक्षाने या. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या.

खर्च किती येतो?

शहर, डॉक्टर आणि किट यांवर ठरतं. एका सत्राला साधारण तीन हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत सांगतात. सौंदर्योपचार म्हणून आरोग्य विमा याला लागू होत नाही. आठ-दहा सत्रांचं पॅकेज एकरकमी घेऊ नका. पहिल्या तीन सत्रांचे पैसे त्या त्या वेळी द्या, म्हणजे मध्येच थांबायचं स्वातंत्र्य तुमच्याकडे राहतं. आणि वर्षाला एक-दोन सत्रांचा पुढचा खर्चही आजच मोजा, कारण पीआरपी थांबवलं की आनुवंशिक गळती आपल्या जुन्या वाटेला लागते.

कुणाकडे करावं? पार्लरवाल्या ताई निम्म्या पैशांत करतायत.

पार्लरमध्ये रक्त काढायचं नाही, एवढं पक्कं. एमडी किंवा डीडीव्ही झालेले त्वचारोगतज्ज्ञ गाठा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरांची नोंदणी पाहता येते. सुई कोण टोचणार, डॉक्टर की ‘टेक्निशियन’, हे आधी विचारा.

‘१०० टक्के गॅरंटी’ लिहिलेली पाटी दिसली की पुढे चला. आपल्या औषधविषयक नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये, ज्या आजारांवर औषधाने गुण येईल असा दावा करायला मनाई आहे, त्या यादीत टक्कल पडणंही आहे. तेलवाल्यांना हे माहीत नसेल, असं समजायचं कारण नाही.

जीएफसी आणि एक्सोसोम पीआरपीपेक्षा चांगले का?

जीएफसीमध्ये खास नळी वापरून प्लेटलेट्समधली वाढीची प्रथिनं आधीच बाहेर काढतात आणि पेशींविना द्रव टोचतात. दुखतं थोडं कमी, पैसे जास्त. पीआरपीपेक्षा ते नक्की सरस आहे असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. एक्सोसोमची, म्हणजे पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांची, गोष्ट निराळी, ते तुमच्या रक्तातून बनत नाहीत, बाहेरच्या स्रोतातून बाटलीबंद येतात. अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही आणि २०१९ मध्ये लोकांना सावधही केलं होतं. ते सध्या टाळावेत, असं माझं स्पष्ट मत.

ट्रान्सप्लांटच्या वेळी पीआरपी घ्यायला सांगतात. घ्यावं?

ब्राझीलमधल्या एका सर्जनने २००६ मध्ये २० रुग्णांवर हे करून पाहिलं. प्लेटलेट्सच्या द्रवात भिजवून लावलेल्या मुळांतून साधारण १५ टक्के जास्त केस उगवले. अभ्यास लहान आहे. माफक पैशांत मिळत असेल तर हरकत नाही, पण त्यासाठी ट्रान्सप्लांटचं बजेट ताणू नका.

लग्न दोन महिन्यांवर आलंय. आता सुरू केलं तर चालेल?

फोटोंसाठी उशीर झाला आहे. दोन महिन्यांत जेमतेम दोन सत्रं होतील आणि दाटपणा दिसायच्या आत वरात निघून जाईल. केसांच्या रंगाची फायबर पावडर मिळते, ती विरळ जागी भुरभुरली की टाळू झाकला जातो. न्हाव्याकडे एकदा आधी करून बघा, आणि हळदीच्या दिवशी ती लावू नका. निदान मात्र आत्ताच करून घ्या, म्हणजे लागणारी औषधं लग्नाआधीच सुरू होतील. पीआरपी हवंच असेल तर हनिमूनहून आल्यावर. शेवटच्या आठवड्यात तर अजिबात नको, सुजलेलं कपाळ मुंडावळ्यांमागेही लपत नाही.